सकाळी सहाचे हात डॉक्टरांना कसे दाखवायचे: आमवाताच्या घरच्या नोंदी

माझी तपासणीची वेळ नेहमी दुपारी साडेबाराची असते. कराडहून पहाटेची एसटी धरून पुण्यात पोहोचेपर्यंत हात बऱ्यापैकी मोकळे झालेले असतात. सहा वर्षांपूर्वीच्या एका फेरीत डॉक्टरांनी बोटं चाचपली, सूज फारशी लागली नाही. "कसं आहे?" त्यांनी विचारलं. "बरं आहे," मी म्हणाले. गेले दोन महिने रोज सकाळी सांडशीने चहाचं पातेलं उचलता येत नव्हतं, हे त्या खुर्चीत बसल्यावर आठवलंच नाही. औषध थोडं कमी झालं. चौथ्या आठवड्यात दोन्ही मनगटं अशी फुगली की वेणी घालायला मुलीला हाक मारावी लागली.

डॉक्टरांना जे दिसलं, त्यावरून त्यांनी ठरवलं. सकाळी सहाचे हात त्यांच्यापुढे आलेच नव्हते.

रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो, पहाटे जोरात असतो आणि दुपारपर्यंत ओसरतो. तीन महिन्यांतून एकदा मिळणाऱ्या दहा-पंधरा मिनिटांत तो दिसेलच असं नाही. म्हणून तो घरी टिपायचा आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचा. निदान नुकतंच झालेल्या, आणि विशेषतः तज्ज्ञांपासून लांब राहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. आपण काही थोडेथोडके नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू झाली. तिच्यात प्रौढांपैकी सुमारे अर्धा टक्का लोकांना हा आजार आढळला. दोनशे माणसांत एक. सांधेविकारतज्ज्ञ मात्र बहुतेक मोठ्या शहरांतच बसतात.

१. आधी डॉक्टरांशी बोलून घ्या

मनानेच वही सुरू करून सहा महिन्यांनी ती डॉक्टरांपुढे ठेवली, तर ती चाळायला त्यांना वेळ नसतो. पुढच्या भेटीत चार गोष्टी विचारा आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या:

- माझ्या बाबतीत कशाची नोंद तुमच्या उपयोगाची?
- ती कुठे पाठवू? दवाखान्याचा व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक, ईमेल, की भेटीतच दाखवू?
- काय झालं तर वाट न बघता फोन करायचा?
- तुम्ही मिळाला नाहीत, तर गावातल्या कोणत्या डॉक्टरांकडे जाऊ?

चौथा प्रश्न लोक विसरतात. माझ्या गावातल्या डॉक्टरांकडे माझ्या औषधांची यादी आहे आणि पुण्याच्या डॉक्टरांचा क्रमांकही. याचा उपयोग मला दोनदा झाला आहे.

फोनवरच्या सल्ल्याबद्दल एक नियम माहीत असू द्या. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. समोरासमोर तपासणी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी केलेला संपर्क त्यांत पाठपुरावा मानला जातो. त्यानंतरचा संपर्क नव्याने सल्ला घेतल्यासारखा धरतात आणि फोनवर कोणती औषधं लिहून देता येतील यावर जास्त बंधनं येतात. शिवाय, प्रत्यक्ष तपासल्याशिवाय काही सांगता येत नाही असं वाटलं, तर डॉक्टर तुम्हाला बोलावू शकतात. तेव्हा घरच्या नोंदी कितीही चोख असल्या, तरी सहा महिन्यांच्या आत एक फेरी करायचीच.

२. सामान

फार काही लागत नाही:

- दोनशेपानी वही किंवा फोनमधली नोंदवही. मी वहीच वापरते, कारण बोटं आखडलेली असताना फोनवर टाइप करणं जड जातं. पेन जाड बुडाचं घ्या.
- थर्मामीटर
- दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल बीपी मशीन (स्टेरॉइड किंवा लेफ्लुनोमाइड हे आमवाताचं औषध चालू असेल तर नक्कीच)
- वजनकाटा
- महिन्याची पानं उलटायची मोठी दिनदर्शिका, स्वयंपाकघरात लावलेली
- एक फाइल: निदानाचे कागद (आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या), आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल तारखेच्या क्रमाने, हातापायांचे एक्स-रे, लसीकरणाची नोंद, आणि औषधांनी आलेल्या त्रासांची यादी

आभा क्रमांक (आरोग्याच्या नोंदींसाठीचा सरकारी ओळख क्रमांक) काढलेला असेल तर तो चौदा अंकी क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. नसला तरी आपलं काम अडत नाही.

स्मार्ट घड्याळाशिवाय हे सगळं जमतं. पावलं मोजली म्हणून सूज कळत नाही.

३. रोज तीन ओळी

मँचेस्टर विद्यापीठाच्या 'रेमोरा' प्रकल्पात रुग्ण फोनवरच्या अ‍ॅपमध्ये लक्षणं भरतात आणि ती थेट रुग्णालयाच्या नोंदींत दिसतात. तिथे काही प्रश्न रोजचे, काही आठवड्याचे, काही महिन्याचे असे वाटून घेतलेले आहेत. अ‍ॅप आपल्या हाताशी नसलं तरी ही वाटणी मला फार पटली, आणि पुढचं सगळं तिच्यावरच बसवलं आहे.

रोज एवढंच लिहा:

पहिली ओळ: सकाळचा ताठरपणा, मिनिटांत. उठल्याची वेळ आणि हात नेहमीसारखे चालू लागल्याची वेळ यांतलं अंतर. "खूप वेळ" असं लिहू नका. झिजेच्या सांधेदुखीत हा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. आमवाताच्या भडक्यात तो तासाच्या पुढे जातो. मिनिटं लिहिलीत तर डॉक्टरांना एका नजरेत कळतं.

दुसरी ओळ: दुखणं, शून्य ते दहा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडचं. आकडा रोज एकाच वेळी ठरवा. मी सकाळचा चहा झाल्यावर ठरवते.

तिसरी ओळ: काल काय घेतलं आणि काय राहिलं. वेदनाशामक गोळी घेतली असेल तर वेळेसकट. गोळी घेऊन दुखणं तीन आणि न घेता तीन यांत पुष्कळ फरक आहे.

एवढ्यावर थांबा. सुरुवातीला मी दिवसातून पाच वेळा लिहीत होते आणि सगळा दिवस बोटांकडेच लक्ष जायचं, झोपसुद्धा उडाली. दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर काहीतरी कमी करा.

बहुतेक जण वाईट दिवसच लिहितात. बरं वाटलं की वही कपाटात जाते. मग तीन महिन्यांचा कागद बघून डॉक्टरांना वाटतं की औषध लागूच पडलेलं नाही. चांगल्या दिवसाचं "१० मिनिटं, दुखणं १" हेही तितकंच लिहा.

४. आठवड्यातून एकदा सांधे मोजा

हा भाग नीट शिकून घ्या. डॉक्टर आजाराची तीव्रता ठरवताना डॅस२८ हे मोजमाप वापरतात, त्यातले २८ म्हणजे २८ सांधे: दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे, बोटांच्या मुळाशी असलेले दहा (मूठ वळली की वर येणारे उंचवटे) आणि बोटांच्या मधल्या पेरांचे दहा (अंगठ्याला मुळाच्या वर एकच सांधा असतो, तो यात धरायचा). किती दुखतात, किती सुजलेत, रक्तातला ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या तपासण्या) किती, आणि रुग्णाला एकूण कसं वाटतंय, यांवरून तो आकडा निघतो. ईएसआर घेऊन काढलेला आकडा २.६ च्या खाली असेल तर आजार शांत, ५.१ च्या वर असेल तर जोरात. तो आपण काढायचा नाही. आपण सांधे मोजून द्यायचे.

आपलेच दोन्ही पंजे कोऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलीने आखा. वर खांदे, कोपरं, खाली गुडघे यांचे साधे गोळे काढा. या पानाच्या पंचवीस झेरॉक्स काढून फाइलमध्ये ठेवा. दर रविवारी सकाळी, अंघोळीच्या आधी, एक पान घ्या. गरम पाण्याने सांधे सैल होतात, म्हणून आधी.

एकेक सांधा अंगठ्याने दाबा. दाब किती? दाबणाऱ्या अंगठ्याच्या नखाचा गुलाबी रंग पांढुरका होईल एवढाच. दुखला तर कागदावर फुली. मग सूज बघा. आमवाताची सूज ताज्या पावासारखी दबते, उंचवट्यांमधल्या खळग्या भरून येतात. हाडासारखी कडक गाठ ही बहुधा झिजेची. सूज असेल तर त्या सांध्याभोवती गोल. दोन्ही असेल तर दोन्ही.

फुली आणि गोल यांची गल्लत करू नका. पंधरा फुल्या आणि एकही गोल नाही, असं पान आलं तर ते तसंच पाठवा. असं दुखणं झोप न लागण्याने, झिजेने किंवा फायब्रोमायल्जियाने (सूज नसताना अंगभर दुखण्याचा आजार) असू शकतं आणि त्याचे उपचार वेगळे असतात. सूज नसताना आमवाताचं औषध वाढवून काही साधत नाही, उलट त्रास पदरी पडतो.

पावलं या २८ मध्ये धरलेली नाहीत. आजार मात्र पावलांत हमखास असतो, कित्येकांत तर सुरुवातच तिथून होते. चप्पल घालूनही खडे टोचल्यासारखं वाटणं ही त्याची खूण. पानाच्या खाली "पावलं:" असं लिहून एक ओळ भरा.

पहिल्या दोन-तीन वेळा डॉक्टरांसमोर किंवा दवाखान्यातल्या सिस्टरांसमोर करून दाखवा. माझं चुकत होतं. मी फारच जोरात दाबत होते, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर फुली येत होती.

५. महिन्यातून एकदा: हात काय काय करतात

रॅपिड३ नावाची एक प्रश्नावली आहे. रोजची कामं किती जमतात, दुखणं किती, एकूण कसं वाटतं, हे तीनच भाग, आणि रक्ततपासणी लागत नाही. एकूण गुण ३० पैकी. १२ च्या वर गेले तर आजार जोरात, ३ किंवा त्याखाली असले तर जवळजवळ शांत. डॉक्टरांकडे तिचा छापील कागद मागा.

कामांच्या अशाच एका परदेशी प्रश्नावलीची भारतीय आवृत्ती करताना मांडी घालून आणि उकिडवं बसता येतं का, हे प्रश्न त्यात आले. योग्यच झालं. माझी स्वतःची यादी अशी आहे आणि प्रत्येकापुढे "सहज / त्रासाने / मदतीने / नाही" यांपैकी एक लिहिते:

- कुकरचं झाकण लावणं
- कणीक मळणं, भाकरी थापणं
- ओला टॉवेल पिळणं
- ब्लाउजचे हुक, साडीच्या निऱ्या
- भरलेली बादली उचलणं
- जमिनीवरून हात न टेकता उठणं
- कुलपात किल्ली फिरवणं

तुमची कामं वेगळी असतील. दुचाकीचा क्लच दाबणं, धार काढणं, खडू धरणं, जे तुमचं असेल ते घाला. फक्त यादी दर महिन्याला तीच ठेवा.

हातात नेहमी असणारी बांगडीसुद्धा उपयोगी. माझी एक जुनी बांगडी निरोगी दिवसांत साबणाशिवाय निघते. ती अडली की त्या आठवड्याची फुल्या-गोलांची गोष्ट मला आधीच कळलेली असते.

६. फोटो

तीन फोटो पुरे, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात: दोन्ही पंजे टेबलावर पालथे; दोन्ही मुठी वळलेल्या; आणि नमस्काराची मुद्रा, कोपरं आडवी उचलून. नमस्कारात तळवे एकमेकांना पूर्ण चिकटत नसतील किंवा एक मनगट वाकत नसेल तर ते लगेच दिसतं. खिडकीजवळ, तीच जागा, तोच टेबलक्लॉथ, फोन तितक्याच अंतरावर. फ्लॅश नको, त्यात सूज सपाट दिसते. अंगठ्या काढून ठेवा.

सूज आली त्या दिवशी फोटो काढाच. पण सूज नसतानाचा एक फोटो आधीच काढलेला हवा. तुलनेला काही नसेल तर एकट्या फोटोवरून फारसं कळत नाही.

७. औषधांची नोंद, आणि त्यातली सगळ्यात मोठी चूक

मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं नेहमीचं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. हे ठळक लिहिलं आहे, कारण रोज घेतलं गेलं तर जीवावर बेततं. घरात बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, मुलगा किंवा सून प्रेमाने डबी भरून देते, आणि ही गोळी रोजच्या कप्प्यांत जाते. वार ठरवा. दिनदर्शिकेवर वर्षभराचे ते वार लाल पेनाने गोल करा. गोळी घेतली की गोलावर फुली. पट्टी बाकी औषधांपासून वेगळ्या डबीत ठेवा आणि डबीवर वार लिहा. पट्टी बदलली की किती मिलिग्रॅमची आहे ते दर वेळी वाचा, २.५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांऐवजी १० ची पट्टी हातात आली आणि गोळ्यांची संख्या तीच ठेवली, तर चौपट डोस होतो. सोबतच्या फॉलिक अ‍ॅसिडचा वार डॉक्टरांनी जसा सांगितला असेल तसाच पाळा.

लघवीच्या संसर्गासाठी किंवा इतर कशासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक त्याच्यासोबत घेणं धोक्याचं आहे. मूल हवं असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

स्टेरॉइडची गोळी बरं वाटतंय म्हणून एकदम बंद करू नका आणि दुखतंय म्हणून मनाने वाढवूही नका. ती चालू असेतो आठवड्यातून एकदा बीपी आणि वजन लिहा. साखर कधी तपासायची ते विचारा.

कुणी आणून दिलेलं चूर्ण, काढा, पुडी, सगळं वहीत लिहा. लाजू नका. काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं; आठ दिवसांत जादूसारखा आराम पडतो आणि डॉक्टरांचा अंदाज पूर्ण चुकतो.

८. रक्त तपासणी

मेथोट्रेक्सेटवर असाल तर रक्तपेशींची गणना, यकृताची आणि मूत्रपिंडाची तपासणी ठरलेल्या अंतराने करावीच लागते: सुरुवातीला साधारण दोन ते चार आठवड्यांनी, औषध स्थिरावल्यावर सुमारे तीन महिन्यांनी. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे आमवाताचं दुसरं औषध असेल तर सुरुवातीलाच डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्याआधीच.

शक्यतो एकच लॅब ठेवा. अहवालातले आकडे वहीच्या शेवटच्या पानावर एकाखाली एक लिहा: तारीख, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), ईएसआर, सीआरपी. सहा ओळी भरल्या की चढ-उतार आपोआप दिसतो. ईएसआर वाढला म्हणून लगेच घाबरू नका. रक्त कमी असेल किंवा साधा संसर्ग असेल तरी तो वाढतो.

९. पाठवायचं कसं

महिन्यातून एकदा, एकच संदेश, सगळं त्यात. मी असा पाठवते:

"नमस्कार डॉक्टर. फाइल क्र. ——. वय ४७. मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ दर रविवारी, एकही डोस चुकला नाही. या महिन्यात ताठरपणा सरासरी ५० मिनिटं (गेल्या महिन्यात २०). दुखणं ५. सुजलेले सांधे ४: दोन्ही मनगटं, उजव्या तर्जनी व मधल्या बोटाचं मूळ. वेदनाशामक ९ दिवस. ताप नाही. रक्ताचा अहवाल व फोटो सोबत. प्रश्न: तारीख अलीकडे घेऊ का?"

प्रश्न एकच आणि शेवटी. रोज तुकड्या-तुकड्यांनी पाठवलेल्या संदेशांत महत्त्वाचा हरवतो. आवाजी संदेश तर टाळाच. अहवालाचा फोटो तिरपा काढू नका, लॅबकडून पीडीएफ मागा. डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवली तर त्यावर त्यांचं नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख आहे ना बघा. नाहीतर औषधाच्या दुकानात अडतं.

१०. यासाठी संदेश नको, सरळ फोन किंवा दवाखाना

- एकच सांधा अचानक लाल, गरम, हात लावू देत नाही, सोबत ताप. सांध्यात संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.
- औषधं चालू असताना ताप. पावसाळ्यात तो डेंग्यू किंवा चिकुनगुन्याचाही असतो. २००६ च्या साथीनंतर चिकुनगुन्याने धरलेले सांधे महाराष्ट्रात घरोघरी पाहिले गेले; हा भडका आणि तो भडका घरी ओळखता येत नाही. पुढचा मेथोट्रेक्सेटचा डोस विचारूनच घ्या.
- तोंडात फोड, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त
- कोरडा खोकला आणि धाप
- दोन आठवड्यांहून जुना खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं; बायोलॉजिकल इंजेक्शनं किंवा टोफासिटिनिब ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर क्षयाची तपासणी लांबवू नका
- अंगावर एका बाजूला पट्ट्यासारखे पुरळ, म्हणजे नागीण
- डोळा लाल होऊन खूप दुखणं, किंवा नजर धूसर
- मानेत दुखून हातापायांत मुंग्या, कमजोरी
- काळी शौच होणं, वेदनाशामक गोळ्या चालू असताना

शेजारच्या माणसालाही ही यादी दाखवून ठेवा. माझी फ्रिजवर चिकटवलेली आहे.

११. निदान वेगळं असेल तर

मणक्याच्या स्पॉन्डिलायटिसमध्ये बोटं मोजून उपयोग नाही. तिथे पहाटे दुखण्याने जाग येते का, उठून फिरल्यावर कंबर सुटते का, थकवा किती, हे लिहा. बॅसडाय नावाची सहा प्रश्नांची प्रश्नावली त्यासाठीच आहे. ल्युपस (प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आणखी एक आजार) असेल तर सांध्यांपेक्षा बीपी, पायांवरची सूज, फेसाळ लघवी आणि चेहऱ्यावरचे चट्टे महत्त्वाचे. लघवीची तपासणी सांगितलेल्या तारखेला चुकवू नका.

१२. आजार शांत झाल्यावर

सलग काही महिने आकडे खाली राहिले की रोजच्या ओळी बंद करायला हरकत नाही. डॉक्टरांना विचारून मी तसं केलं. आता फक्त रविवारचं पान भरते, मेथोट्रेक्सेटचे लाल गोल आणि रक्ताचं वेळापत्रक मात्र तसंच आहे. ताठरपणा सलग तीन दिवस अर्ध्या तासाच्या वर गेला की रोजच्या तीन ओळी पुन्हा सुरू करायच्या, आणि दोन आठवड्यांत उतरला नाही तर पुढच्या तारखेची वाट न बघता संदेश पाठवायचा, असं आमचं ठरलेलं आहे. जुन्या वह्या टाकू नका. गेल्या वर्षी औषध बदलायची वेळ आली तेव्हा, २०२१ मध्ये कोणत्या डोसवर तोंडात फोड आले होते, हे डॉक्टरांना माझ्या तिसऱ्या वहीत सापडलं.